गॅप आहे, पुढचा!

आज ऑफिसात एका ज्युनियर जागेसाठी आलेले अर्ज चाळायला आम्ही तिघं बसलो होतो. त्यातले एक साहेब अर्ज उचलायचे, तारखांवरून बोट फिरवायचे आणि मध्ये मोकळी वर्षं दिसली की "गॅप आहे, पुढचा" म्हणत कागद बाजूला टाकायचे. नाव वाचत नव्हते, शिकलाय काय ते वाचत नव्हते. बघता बघता अर्धा गठ्ठा साफ. मी म्हटलं, "एकदा बोलावून विचारू तरी, काय झालं होतं." तर म्हणाले, "मॅडम, काय झालं असणार? घरी बसले असतील. हल्ली पोरांना काम नकोच असतं."

तेव्हापासून डोकं फिरलंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

हे जे 'घरी बसणं' आहे ना, ते लोकांना वाटतं तसं एका सकाळी उठून कोणी ठरवत नाही. माझ्या ताईचा मुलगा, माझा भाचा, दुसऱ्या वर्षाला दोन विषयांत अडकला. आधी मागच्या बाकावर गेला. मग ज्या तासाला सर उभं करून प्रश्न विचारायचे तो तास बुडवायला लागला. मग इतर तास. मग हजेरी कमी भरली, आणि हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. म्हणजे वर्गात यायला घाबरणाऱ्या मुलाला शिक्षा काय, तर आणखी बाहेर राहा!

आणि या सगळ्या काळात तो रोज सकाळी वेळेवर घरातून निघत होता. आंघोळ करून, सॅक पाठीला लावून. सॅकची चेन बिघडली म्हणून ताईने ती रिकामी केली, तेव्हा आत निघाला चार्जर, छत्री आणि एक कोरी वही. वहीच्या पहिल्या पानावर नाव, वर्ष, विषय. सुंदर अक्षरात, खाली पट्टीने रेघ मारून. पुढे काही नाही.

कॉलेजातून एक फोन आला नाही. फी थकली असती तर नक्की आला असता.

पुढे त्याने काम धरलं. हो, धरलं! 'काम नकोच असतं' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. गोदामात पार्सलं वेगळी करायचं काम, बहुतेक रात्रपाळी. पाळ्या मोबाईलवरच्या ॲपमध्ये यायच्या. मध्ये ताप आला, सुट्टी पडली, आणि त्यानंतर ॲपमध्ये त्याच्या नावावर पाळी येईनाशी झाली. कोणी काढून टाकलं नाही, कोणी रागावलं नाही. तो रात्री जागून स्क्रीन खाली ओढून ओढून रिफ्रेश करायचा. काढलं असतं तर निदान कळलं तरी असतं हो. भांडायला समोर माणूस तरी असता.

मग सगळ्यांचं आवडतं औषध, स्किल! एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मशीन चालवायचा कोर्स. मशीन होतं, पण त्याच्यावरचं पॅकिंगचं प्लास्टिक कोर्स संपेपर्यंत निघालं नाही. त्याच्या शेजारी उभं करून सगळ्यांचे फोटो काढले, सर्टिफिकेटं वाटली. पुढे मुलाखतीत तेच मशीन दाखवून "चालवून दाखव" म्हटल्यावर याने काय करायचं होतं? घरी येऊन आईला म्हणाला, जागा भरली होती.

आता मला सांगा, यातला आळस नेमका कुठल्या तारखेला सुरू झाला?

असतात, आळशी पोरंही असतात. मोबाईलमध्ये तोंड खुपसून दिवस घालवणारी असतात. मान्य. पण ती नोकरीवाल्यांतही भरपूर आहेत, फक्त त्यांना पगार मिळतो म्हणून त्यांच्यावर कोणी फॉरवर्ड पाठवत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२३ चा आकडा सांगते. जगातल्या १५ ते २४ वयाच्या दर पाच जणांमागे एक जण ना शिकत होता, ना कुठे कामावर होता, ना कुठलं प्रशिक्षण घेत होता. हे प्रमाण २०२० पर्यंत लक्षणीय खाली आणायचं असं सगळ्या देशांनी मिळून २०१५ मध्ये शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत लिहून ठेवलं होतं. तारीख उलटून गेली. जगभरची एक पंचमांश पोरं ठरवून एकदम आळशी झाली, असं ज्याला वाटतं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

आणि त्या पाचांतल्या एकामध्ये मुली किती? तीनातल्या दोन. त्यांना तर कोणी 'घरी बसलेली' पण म्हणत नाही. घरीच असते म्हणतात, जणू ती जन्मजात व्यवस्था आहे. आजीचं औषधपाणी, धाकट्या भावंडांची शाळा, पाहुणेरावळे, धुणंभांडी. दिवसभर पायाला भिंगरी, आणि तक्त्यात मात्र काहीही न करणारी. ताईच्या मुलाची निदान चिंता तरी झाली. त्याच्या चुलतबहिणीने त्याच सुमारास आजारी आजीसाठी शिक्षण सोडलं, तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. हे लिहिताना राग येतोय, पण कोणावर काढायचा तेच कळत नाही.

मनाच्या आजारांबद्दल मी डॉक्टर नाही, जास्त बोलणार नाही. बहुतेक मानसिक आजार पंचविशीच्या आतच डोकं वर काढतात, एवढं आता सगळीकडे छापून येतं. म्हणजे ज्या वयात आपण मुलांना "आता सिरियस हो" म्हणतो, नेमक्या त्याच वयात. भाचा दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लागला तेव्हा सगळ्यांनी त्याला सवय म्हटलं. घरातल्या कार्यक्रमांना यायचा बंद झाला तेव्हा म्हणाले, माणूसघाणा झालाय. मला एकदा म्हणाला, "मावशी, तिथे 'सध्या काय चाललंय' विचारतात. आधीच उत्तर तयार करून जावं लागतं गं. आणि मागच्या वेळी काय सांगितलं होतं तेही लक्षात ठेवावं लागतं."

बरं, ही पोरं उशिरा का होईना, उठून अर्ज करतात. आमच्या गठ्ठ्यात होती की! तिथे साहेब तारखांवर बोट ठेवून बसलेले. जपानात नव्वदच्या दशकात मंदी आली आणि तिथल्या कंपन्यांनी नवी भरती आखडती घेतली. तिथे कॉलेज संपताच घेतलं तर घेतलं, नाही तर दार बंद, अशी रीत. त्या वर्षांत बाहेर पडलेली कितीतरी मुलं कायमची किरकोळ कंत्राटी कामांत अडकली, काही तर घराबाहेरच पडेनाशी झाली. सरकारने त्यांच्यासाठी खास मोठी योजना आणली २०१९ मध्ये. तोवर ती पस्तिशी-चाळिशीत पोहोचली होती. मंदी तर त्यांनी आणली नव्हती ना? गॅप मात्र त्यांच्या नावावर.

कंपनीला काम येणारं माणूस हवं असतं, धर्मादाय संस्था नाही ती, हेही खरं. पण काम येतं का हे विचारायला आधी समोर बसवावं लागतं.

चिडून लिहायला बसले होते, आता जरा शांत झालेय, म्हणून एक कामाची गोष्ट सांगते. नॉर्वेत शाळेतून गळालेल्या मुलांना शोधून काढणं हे प्रादेशिक प्रशासनाचं कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे. कोण शाळेतही नाही आणि कामावरही नाही याची यादी ठेवायची आणि त्या मुलाला गाठायचं. युरोपीय संघाने २०१३ मध्ये ठरवलं की शिक्षण सुटल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत तरुणाला काहीतरी धड देऊ करायचं: नोकरी, शिक्षण, काम शिकायची उमेदवारी, काहीही. सगळीकडे नीट चालतं असं नाही, पण चार महिने ही मुदत मला फार शहाणपणाची वाटते. कारण भाच्याची वही कोरी होती त्या दिवसांत कोणी दार वाजवलं असतं तर तो आला असता. बोलला असता. तेव्हा तो रोज आंघोळ करून तयारच होता की! वर्षभराने दार वाजलं तेव्हा त्याने खोलीतून 'नाही म्हणून सांग' असं ओरडून सांगितलं.

कॉलेज म्हणणार, आमच्याकडे प्रवेशाची नोंद आहे. ट्रेनिंग सेंटर म्हणणार, आमच्याकडे सर्टिफिकेटची नोंद आहे. ॲप तर काहीच म्हणणार नाही. मधल्या मधे पोरगं गायब झालं, हे बघायचा पगार कोणालाच नाही. आईबापांना कळतं सगळ्यात शेवटी, सॅक शिवायला घेतल्यावर.

असो. भाचा आता आठवड्यातून काही दिवस, थोडे तास, एका ओळखीच्यांकडे हिशेबाच्या नोंदी करायला जातो. गणितात अडकलेला मुलगा! एकदम पूर्ण वेळ जमणार नाही हे त्याने स्वतःहून सांगितलं आणि त्या माणसाने ऐकून घेतलं. माझ्या ओळखीत अशी आणखी तीन-चार मुलं-मुली आहेत. कोणाकडे कमी तासांनी सुरू करता येईल असं काम असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पगार किती ते आधी लिहा. आणि 'अनुभव आवश्यक' असेल तर राहू द्या.