मशिदीतला गणपती : त्या फोटोबद्दल खुलासा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून एक फोटो फिरतोय. मशिदीत गणपती, आणि खाली ओळ : ‘जबरदस्तीने बसवला’. एका काकांनी त्यावर ‘शंभर वर्षांची परंपरा’ असं उत्तर ठोकलंय. दोन्ही चूक.

हे गाव सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं गोटखिंडी. तिथल्या झुंजार चौकातलं न्यू गणेश तरुण मंडळ 1980 सालचं, म्हणजे शंभरीला अजून बराच अवकाश आहे. जबरदस्तीचं म्हणाल, तर उलटच घडलं. गणपतीत जोराचा पाऊस आला, मूर्ती भिजणार असं दिसलं, तेव्हा गावातल्या मुस्लिमांनीच ‘आत आणा’ म्हटलं. तेव्हापासून बाप्पांचा दहा दिवसांचा मुक्काम मशिदीत, अनंत चतुर्दशीला विसर्जन. प्रसाद करण्यापासून सगळ्या तयारीत मुस्लिम घरं असतात. बकरी ईद गणपतीत आली तेव्हा त्यांनी फक्त नमाज पढली. कुर्बानी दिली नाही.

आणि हो, ती अजूनही मशीदच आहे. फोटो पुढे ढकलणाऱ्यांनी निदान गावाचं नाव तरी लिहावं.