खुलासा : नव्या प्रजातीला डीएनए अहवाल आणि सरकारी शिक्का लागत नाही

‘डीएनए तपासणी आणि सरकारी मान्यतेशिवाय वनस्पतीची नवी प्रजाती अधिकृत ठरत नाही’ असा संदेश निसर्गप्रेमींच्या गटांत फिरतो आहे. त्यातल्या दोन्ही अटी खोट्या आहेत.

वनस्पतींची नावं आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार दिली जातात. प्रजातीचं वर्णन किंवा तिचा वेगळेपणा सांगणारा मजकूर लॅटिन वा इंग्रजीत प्रसिद्ध व्हावा लागतो (1 जानेवारी 2012 पूर्वी लॅटिनच सक्तीची होती). शिवाय एक प्ररूप नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचं जोडलेलं राहतं तो नमुना, निवडून तो कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात ठेवला आहे, हे लिहावं लागतं. मंजुरी देणारी समिती नसते. नाव नियमाने प्रसिद्ध झालं की वैध; प्रजाती खरंच वेगळी आहे का, हे पुढचे अभ्यासक पडताळत राहतात.

डीएनएची मदत मोठी असते, पण सक्ती नाही. लव्हाळ्यांचंच बघा. गवतासारखे दिसले तरी त्यांचं कुळ वेगळं. दांडा बहुधा तिधारी आणि भरीव, पानं तीन ओळींत. प्रजाती ओळखायची तर पिकलेलं फळच हवं. जेमतेम मिलिमीटरभराच्या त्या फळाच्या सालीवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. म्हणून कोवळ्या लव्हाळ्याच्या फोटोवरून ‘नवी प्रजाती’ जाहीर करू नका, ही कळकळीची विनंती. शेंगावर्गीय कवल्याचंही तसंच : त्याची सांध्यासांध्यांची शेंग निदलपुंजात, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेष्टनात, घडी घालून लपलेली असते, ती उघडून पाहावी लागते.