"कॅन्सर कळला की सरळ टाटाला जा": फिरणाऱ्या मेसेजमधला प्रत्येक मुद्दा तपासून

व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: "कॅन्सरची शंका आली की गावाकडे वेळ घालवू नका, सरळ मुंबईला टाटाला जा. आयुष्मान कार्डावर 5 लाख मिळतात, तपासणीपासून औषधापर्यंत सगळं फुकट. कार्ड नसेल तर आधी खर्च करा, बिलं लावून पैसे परत मिळतात." पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते. पण यावर विसंबून घर सोडलं, तर पेशंटचे मोलाचे आठवडे आणि घरातला पैसा दोन्ही जातात.

"5 लाख मिळतात." पेशंटच्या हातात किंवा खात्यात काहीच येत नाही. 5 लाख ही पूर्ण कुटुंबाची वर्षाची मर्यादा आहे. त्यातून अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेल्या, रुग्णालयाला, ठरलेल्या उपचाराचे, ठरलेल्या दराने पैसे जातात. ऑपरेशनचं पॅकेज वेगळं, केमोच्या प्रत्येक सायकलचं वेगळं, लाईटचं म्हणजे रेडिएशनचं वेगळं. त्यामुळे "आमच्या रुग्णालयात योजना आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. "या पेशंटचा हा उपचार योजनेत बसतो का?" असं आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारा. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध यादीत नसेल, तर ते केमो सुरू होण्याआधी कळायला हवं.

"कार्ड नसेल तर..." महाराष्ट्रात 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्यांना लागू आहे, मर्यादाही 5 लाखच. शिधापत्रिका आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. अडतं ते नावापाशी. आधारवर एक स्पेलिंग, शिधापत्रिकेवर दुसरं, बायोप्सीच्या (तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर तिसरं, की क्वेरी पडते, म्हणजे खुलासा मागितला जातो, आणि मंजुरी लांबते. म्हणून बायोप्सीच्या पहिल्या फॉर्मवरच आधारप्रमाणे नाव लिहायला सांगा.

"तपासणीपासून सगळं फुकट." सगळ्यात जास्त घरं इथे फसतात. योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. निदान होण्याआधी ओपीडीत केलेली बायोप्सी, सीटी, एमआरआय सहसा तिच्यात येत नाही, आणि निदानाचा कागद नसेल तर प्रीऑथ, म्हणजे उपचाराची पूर्वमंजुरी, पुढे सरकत नाही. बरेच जण इथे अडकून खासगी लॅबमध्ये हजारो रुपये घालतात. त्याआधी सरकारी वाट पाहा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी आरोग्यवर्धिनी केंद्रातच होते. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिथून चिठ्ठी घेऊन बायोप्सीसाठी जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी मेडिकल कॉलेज गाठा.

बायोप्सीबद्दल जरा सविस्तर, कारण पुढचं सगळं त्या एका तुकड्यावर उभं राहतं. तोंडातल्या जखमेचा तुकडा कडेचा हवा. मधल्या मेलेल्या भागातून घेतला तर "निष्कर्ष निघत नाही" असा रिपोर्ट येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, मग मेणात बसवून त्याचा नखाएवढा ब्लॉक होतो. मोठ्या केंद्रात नुसता रिपोर्ट चालत नाही. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाइड आणि ब्लॉक स्वतः पाहतात, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी ईआर, पीआर, हर-टू तपासणीही त्याच ब्लॉकवर होते. म्हणून लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड लेखी मागून घ्या, त्यावरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा, डबी उन्हात किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. ब्लॉक गावी राहिला म्हणून मुंबईत परळच्या टाटाहून परत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.

"सरळ टाटाला जा." टाटा मेमोरिअल हे 1941 साली सुरू झालेलं आणि 1962 पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेलं रुग्णालय आहे. जनरल, म्हणजे कमी दराच्या वर्गातल्या, पेशंटला तिथे मोठी सवलत मिळते, तरी सगळं फुकट नसतं. दुर्मीळ ट्यूमर, लहान मुलांचा कॅन्सर, गुंतागुंतीचं ऑपरेशन यांसाठी तिथे जरूर जा, किंवा उपचाराची दिशा ठरवून घ्यायला जा. पण तोंड-घशाच्या कॅन्सरला लाईटच्या 30 ते 35 बैठका लागतात, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सहा-सात आठवडे. एवढे दिवस मुंबईत राहण्या-जेवण्याचा आणि सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या रोजंदारीचा खर्च या योजनेत येत नाही. तोच उपचार छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय यांपैकी जवळच्या ठिकाणी होतो का, हे आधी विचारा. ऑपरेशन एकीकडे आणि लाईट दुसरीकडे, असंही चालतं. दुसऱ्या रुग्णालयाने आपलं प्रीऑथ वेगळं घ्यायचं असतं. रेल्वेने जायचंच झालं तर कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो.

"बिलं लावून पैसे परत मिळतात." योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून नंतर बिल लावण्याची वाट तिच्यात धरून चालू नका. मंजुरीआधी स्वतःहून घेतलेली केमो सहसा स्वतःच्याच खर्चात जाते. योजनेत बसत नसलेल्या उपचारासाठी दुसरं दार आहे: धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरती होण्याआधी हातात ठेवा.

मंजूर उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच दिवशी योजनेच्या 155388 किंवा 1800 233 2200 या नंबरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा.