‘वर्षातून एकदाच तर असतं, काकू’

हे आज दुपारी मला आमच्या कोपऱ्यावरच्या मंडळातल्या एका मुलानं ऐकवलं. आवाज चढवून नाही, अगदी समजुतीनं. टेम्पोतून स्पीकरचे काळे बॉक्स उतरत होते, घट बसायला आठवडाही राहिलेला नाही, आणि मी एवढंच विचारलं होतं की बाळा, इतके कशाला? त्या वेळी माझ्या पर्समध्ये माझ्या मुलाच्या कानांचा रिपोर्ट होता. तिथे काही न बोलता जिना चढून वर आले. दुपारपासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून आता इथे लिहिते. मोठं होईल. वाचा.

मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत मित्रांबरोबर गेला होता, पुण्यातली सगळीच मुलं जातात तसा. संध्याकाळपासून बारा वाजेपर्यंत डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीपुढे नाचला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच कान दडे बसल्यासारखे झाले होते. बाकीच्यांचे सुटले. याच्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी राहिली, ती अजून आहे. त्यानं घरात कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते पंख्यामुळे. बाहेर पाऊस, हवेत गारठा, आणि हा पंखा पाचवर लावून झोपायला लागला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ‘पंख्याच्या आवाजात ती शिट्टी जरा दबते गं.’

आज सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऐकण्याची तपासणी करायला एक छोटी खोली असते, दार लावलं की बाहेरचं काहीही आत येत नाही. त्याला आत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेच्या अलीकडे, तपासणाऱ्या ताईंच्या शेजारी स्टुलावर. त्यांच्या मशीनवर दोन दिवे होते. एक त्यांनी सूर सोडला की लागायचा, दुसरा यानं बटण दाबलं की. सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं, एक लागला की लगेच दुसरा. मग डाव्या कानात उंच पट्टीचे सूर सुरू झाले. पहिला दिवा लागला. दुसरा नाही. ताईंनी आवाज वाढवला. पहिला लागला. दुसरा नाही. अजून वाढवला. आणि माझा मुलगा काचेतून माझ्याकडे बघून हसत होता, कारण त्याच्या हिशेबानं पुढचा सूर अजून सुरूच झाला नव्हता.

मला त्या स्टुलावर ओरडावंसं वाटलं की अरे, वाजतंय, दाब ना.

रिपोर्ट म्हणजे एक आलेख. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. फुल्या वरच्या बाजूनं सरळ चालत येतात, 4000 हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या सुरांपाशी, एकदम खाली जातात (जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं) आणि 8000 ला पुन्हा थोड्या वर येतात. डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि त्याला पहिला प्रश्न केला, ‘स्पीकर तुझ्या डावीकडे होता का?’ होता. कागदावरून कळतं, इतकी ही खूण ठरलेली आहे. मोठ्या आवाजानं कान गेला की आधी तो तिथेच जातो.

कानाच्या आत जो शंखाकृती भाग असतो त्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. आवाजानं त्या मेल्या की परत येत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भाजली तर भरून येते, ह्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि उंच पट्टी जाते म्हणजे काय जातं? स, श, फ, थ असली अक्षरं जातात. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नीट कळत नाही. त्यात गर्दी, वर्ग, कॅन्टीन असेल तर आणखीच कठीण. माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता वर्गात कुठल्या बाजूला बसायचं हे त्याला कानावरून ठरवावं लागणार.

हो, आणि एक आधीच सांगते, कारण हे कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. मोठ्या आवाजानंतर कान बधिर राहिला, शिट्टी थांबली नाही, तर वाट बघू नका. पहिल्या काही दिवसांतच औषधांचा काही उपयोग झाला तर होतो. तेल घालू नका, लसूण घालू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

आता त्या ‘एकदाच’कडे येते. दहीहंडी, गणपती आणताना, दहा दिवस, विसर्जन, नवरात्र, दिवाळी, एकतीस डिसेंबर, मग जयंत्या, तारखेनं आणि तिथीनं वेगवेगळ्या, मग लग्नसराई, हळदीला वेगळा डीजे आणि वरातीला वेगळा, मधे भाऊंचा वाढदिवस, दादांचा वाढदिवस, निवडणूक, निकाल. ज्याचा त्याचा कार्यक्रम वर्षातून एकदाच असतो हे खरं. पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला कान दोनच आहेत आणि ते सगळ्यांना पुरवायचे आहेत.

आणि कानाला एकदाही पुरतं. 85 डेसिबलच्या आवाजात माणूस साधारण आठ तास राहू शकतो, असं कामगारांच्या आरोग्याचा हिशेब सांगतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 ला पंधरा मिनिटं. 110 ला दीड मिनिट. लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं वर्षानुवर्षं विसर्जनाचा आवाज मोजतायत, आणि 2022 सालची सरासरी शंभरीच्या पुढे होती. सरासरी! भिंतीपुढे किती असेल याचा विचार करा. तिथे पोरं सहा सहा तास उभी असतात, खांद्यावर तीन वर्षांची लेकरं घेऊन बाप उभे असतात. त्या लेकराच्या कानावर हात ठेवायचंही कुणाला सुचत नाही. मी स्वतः पाहिलंय, तुम्हीही पाहिलंय.

कायदा नाही असं कुणी म्हणू नका. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे 50 आणि 40. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ही सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. बारापर्यंत परवानगी आहे म्हणजे बारापर्यंत काहीही वाजवायची परवानगी आहे असं सगळ्या मंडळांनी धरून ठेवलंय आणि पोलीसही तसंच वागतात. आधी हे नियम मोडले तर पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं तो काढून दंडावर आणला. दंड तरी कुणी भरलेला तुमच्या ओळखीत आहे का? मला एक सांगा.

सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल ज्या प्रकरणातून आला ते माहीत आहे का तुम्हाला? एका तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार होत होता. ती ओरडत होती. शेजारी लाऊडस्पीकरवर गाणी लागली होती, त्यात तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही. नंतर तिनं स्वतःला जाळून घेतलं. ही बातमी वाचून एक इंजिनिअर गृहस्थ न्यायालयात गेले, आणि रात्री दहाच्या बंदीवर शिक्कामोर्तब झालं ते त्या खटल्यात. दहा वाजले की ‘आता बंद करा रे’ म्हणून आपण वैतागतो, त्या दहाच्या मागे ती मुलगी आहे. मी हे वाचलं तेव्हापासून डीजेची गाडी दारावरून गेली की मला आधी तीच आठवते. त्या आवाजात आत्ता आमच्या इमारतीत कुणी हाक मारली तर मलाही ऐकू येणार नाही.

आता माझ्या यादीतले काही जण लिहिणार की आमचेच सण दिसतात का, भोंगे दिसत नाहीत का. दिसतात. ऐकू येतात. तेही नकोत. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय की लाऊडस्पीकर हा कुठल्याच धर्माचा आवश्यक भाग नाही. कुठल्याच म्हणजे कुठल्याच. पण दुसऱ्याचा भोंगा बंद होईपर्यंत मी माझ्याच गल्लीतल्या पोरांचे कान फोडणार, हा कुठला न्याय? त्या भिंतीपुढे दुसऱ्या धर्माचं कुणी उभं नव्हतं. माझा मुलगा उभा होता.

ढोल-ताशाचा आवाजही कमी नसतो, मान्य. मला तो आवडतो म्हणून तो कानाला लागत नाही असं काही नाही. पथकातल्या पोरांनी तरी इअरप्लग घालावेत, फार तर शंभर रुपयांत येतात. आणि साऊंडवाल्यांची पोटं त्यावर आहेत, कर्ज काढून त्यांनी सेट घेतलेत, हेही खरं. बरं, खरं. पण आवाजाचा खटका त्यांच्याच हातात असतो ना? कमी आवाजात वाजवलं म्हणून भाडं कमी मिळत नाही. मंडळच ‘अजून वाढव’ म्हणतं आणि शेजारच्या मंडळापेक्षा आपला बेस जोरात हवा ही चढाओढ लागते.

मला त्या मुलाचा राग आला होता, दुपारी. लिहिता लिहिता तो जरा निवलाय. कोविडमध्ये ह्याच मुलांनी आमच्या इमारतीत भाजी, औषधं पोचवली. वरच्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा त्यांची मुलं परदेशात अडकली होती, खांदा द्यायला हीच चौघं पुढे आली. मी त्यांना लहानाची मोठी होताना पाहिलंय, परीक्षेच्या आधी माझ्याकडे गणितं विचारायला यायची. वाईट मुलं नाहीत. त्यांना कुणी त्या काचेच्या खोलीबाहेर स्टुलावर बसवलेलं नाही, एवढंच. त्यांच्यातल्या किती जणांच्या आलेखात तोच खड्डा असेल आणि कुणी मोजलाच नसेल. शिट्टी नसली म्हणजे कान शाबूत आहे असं नसतं, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी कान सुटला तरी आतल्या मज्जातंतूंची जोडणी दर वेळी थोडी तुटत राहू शकते, आणि ते कळतं चाळिशीत.

राग खरा आहे तो वरच्यांचा. ज्यांचे फोटो त्या मांडवावर डोक्याएवढे छापलेले असतात त्यांचा. वर्गणीपेक्षा मोठा चेक त्यांचा असतो, डीजे त्यांच्या पैशांतून येतो, आणि स्वतः ते आरतीपुरते येऊन बंद काचांच्या गाडीतून निघून जातात. गुन्हा दाखल झालाच तर तो मंडळाच्या विशीतल्या अध्यक्षावर होतो. पासपोर्टला, नोकरीला अडतो तो पोरगा. फोटोतला माणूस नाही. 2025 मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून घोषित केलं, फार छान केलं, मला अभिमानच वाटला. मग राज्याचा उत्सव राज्याच्याच नियमात बसवून दाखवायला काय हरकत होती?

मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांबद्दल लिहायला घेतलं तर दुसरी पोस्ट होईल. डोळ्यांचं काय होतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि हे फक्त कानापुरतं नाही. झोपेतही शरीर आवाज ऐकत असतं, रक्तदाब वाढतो, नाडी वाढते, ताणाची संप्रेरकं सुटतात, माणूस जागा झाला नाही तरी. हृदयाचे रुग्ण, बाळंतिणी, तान्ही बाळं, सगळी ह्याच रस्त्यावर राहतात. पाणी घाण असेल तर आपण उकळून घेतो, हवा खराब असेल तर मास्क लावतो. ह्या आवाजात खिडक्या बंद केल्या तरी तो भिंतीतून, जमिनीतून येतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी हलतात. कुठे जायचं माणसानं? ‘त्या दिवसांत गावाला जात जा’ असं मला एकीनं मागच्या वर्षी सांगितलं होतं. हे माझं घर आहे. मी का जाऊ?

संध्याकाळी मुलगा खोलीतून आला, म्हणाला, ‘आई, तू उगाच मंडळाशी भांडू नकोस, माझे मित्र आहेत तिथे.’ मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते. मी हळू आवाजात काहीतरी म्हटलं, आणि तो ‘काय?’ म्हणून वळला. तेवढ्यानं माझं ठरलं.

भांडणार नाही. रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाची नवरात्राची बैठक आहे, तिला जाणार आहे, रिपोर्टची झेरॉक्स घेऊन. माझं मागणं इतकंच: बॉक्स दोनच ठेवा, आवाज 75 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, स्पीकरपुढे दोरी लावून जागा मोकळी ठेवा, आणि लहान मुलांना तिथे उभं करू देऊ नका. हे मान्य असेल तर वर्गणी नेहमीपेक्षा दुप्पट देईन, गरब्याच्या बक्षिसांचा खर्चही माझा. मान्य नसेल तर वर्गणी बंद, आणि पहिल्याच रात्री 112 वर फोन माझ्या नावानं जाईल, निनावी नाही.

आमच्या रस्त्यावरच्यांनी इथे अंगठे देऊ नका. बैठकीला यायचं असेल तर मला फोन करा, साडेनऊला आमच्या जिन्यापाशी जमू.