ब्रेन डेड, भूल आणि डुकराची किडनी : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेले काही दिवस नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर अवयवदानाविरुद्धचा एक लांबलचक मजकूर फिरत आहे. तो कोणी लिहिला याचा पत्ता नाही. परंतु पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेली, एरवी सावधपणे बोलणारी माणसेही आहेत, म्हणून त्याला उत्तर देणे आवश्यक वाटते. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : ‘ब्रेन डेड’ ही कल्पना १९६८ साली हृदय प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनांच्या सोयीसाठी शोधून काढली गेली, असा माणूस खरे तर जिवंतच असतो, कारण त्याचे हृदय चालू असते, हात हलतात आणि अवयव काढताना त्याला भूलसुद्धा द्यावी लागते, अमेरिकेच्या सरकारनेही आता हे कबूल केले आहे, आपल्याकडची रुग्णालये पैशासाठी घाईघाईने हा शिक्का मारतात, एक किडनी दिलेला माणूस जन्मभर अधू होतो, आणि डुकराची किडनी माणसाला बसू लागल्यामुळे आता या साऱ्याची गरजच उरलेली नाही. शेवटी आवाहन आहे की, अवयवदानाचा अर्ज भरला असेल तर तो रद्द करावा.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि यातल्या निदान दोन मुद्द्यांचा माझ्या रोजच्या कामाशी थेट संबंध येतो. मजकुरातले सगळेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही. काही दावे निखालस चुकीचे आहेत, काही अर्धे खरे आहेत, आणि एक तर बराचसा खरा असून भलत्याच ठिकाणी चिकटवलेला आहे. मूळ गफलत अशी की, अवयव तीन निरनिराळ्या मार्गांनी मिळतात : मेंदूस्तंभ (श्वास आणि शुद्ध सांभाळणारा मेंदूचा खालचा भाग) कायमचा निकामी झालेल्या, म्हणजे ‘ब्रेन डेड’ व्यक्तीकडून, हृदय थांबून मृत्यू आलेल्या व्यक्तीकडून आणि जिवंत नातेवाइकाकडून. तिन्ही मार्गांचे नियम वेगळे आहेत आणि धोकेही वेगळे आहेत. हा मजकूर एका मार्गावरचा दोष उचलतो आणि दुसऱ्याच्या माथी मारतो.

प्रथम इतिहास. ‘ब्रेन डेड’चे निकष सांगणारा हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला हे खरे आहे, आणि जुन्या निकषांमुळे प्रत्यारोपणासाठी अवयव मिळण्यात वाद निर्माण होतात हे त्या अहवालात एक कारण म्हणून नोंदवलेले आहे, हेही खरे आहे. परंतु ही अवस्था त्या समितीने शोधलेली नाही. पॅरिसमधील मोलारे आणि गुलॉन या दोन डॉक्टरांनी १९५९ मध्येच व्हेंटिलेटरवरच्या २३ रुग्णांचे वर्णन केले होते. त्यांचा श्वास यंत्रावर चालत होता, हृदय धडधडत होते, पण मेंदूचे सर्व व्यवहार थांबलेले होते, आणि त्यांच्यातून कोणी परत येत नव्हते. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले ते डिसेंबर १९६७ मध्ये, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी. ही अवस्था जन्माला आली ती व्हेंटिलेटरमुळे. त्याआधी मेंदूस्तंभ गेला की काही मिनिटांत श्वास थांबे आणि पाठोपाठ हृदयही, त्यामुळे दोहोंत फरक करण्याची वेळच येत नसे.

आता ‘जिवंतच असतो’ या दाव्याकडे वळू. हृदयाला स्वतःची विद्युत्प्रेरणा असते. मेंदूचा आदेश नसला तरी प्राणवायू मिळत आहे तोवर ते आकुंचन पावत राहते. श्वासाचे तसे नाही. श्वासाची प्रेरणा मेंदूस्तंभातून येते आणि तो गेला की ती पुन्हा येत नाही. म्हणून तपासणीचा कणा म्हणजे श्वासाची चाचणी, जिला आम्ही ॲप्निया टेस्ट म्हणतो. त्याआधी बेशुद्धीचे कारण निश्चित झालेले असावे लागते. शरीर थंड पडलेले नाही, गुंगीच्या औषधांचा अंमल नाही, रक्तातील क्षार किंवा साखर बिघडलेली नाही याची खातरजमा करावी लागते. मग बाहुलीवर प्रकाश टाकणे, बुबुळाला कापसाने स्पर्श करणे, कानात बर्फाचे पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहणे, घशात व श्वासनलिकेत नळी फिरवून ठसका येतो का ते पाहणे, अशा एकेक प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्या जातात. या सर्वांना काहीच प्रतिसाद नसेल तरच रुग्णाला भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर बाजूला केले जाते. श्वासनलिकेतून प्राणवायू चालूच ठेवतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटरच्या (पाऱ्याच्या) वर जाऊ देतात आणि छाती किंचित तरी उचलली जाते का ते पाहतात. एवढ्या पातळीला जिवंत मेंदूस्तंभ स्वस्थ राहू शकत नाही. चाचणीदरम्यान रक्तदाब ढासळू लागला तर ती तिथेच थांबवली जाते. ‘ही चाचणीच रुग्णाला मारते’ असे एक उपवाक्य मजकुरात आहे. ही चाचणी सर्वांत शेवटी का ठेवलेली आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे.

भारतीय कायद्यानुसार ही संपूर्ण तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. ती एकटा डॉक्टर करू शकत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने चार डॉक्टरांचे मंडळ सांगितले आहे : रुग्णालयाचा प्रमुख वैद्यकीय अधिकारी, मान्यताप्राप्त यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर. अवयव ज्याला मिळणार त्याच्या प्रत्यारोपण पथकातील कोणी या मंडळात बसत नाही.

हात हलण्याचा मुद्दा खरा आहे आणि तो पाहणाऱ्या नातेवाइकाचे काळीज हलते, हेही मी नाकारत नाही. पण ती हालचाल पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून येते. मेंदूशी संबंध तुटला तरी मज्जारज्जू काही काळ स्वतंत्रपणे प्रतिक्रिया देतो. कधी बोटे हलतात, क्वचित दोन्ही हात छातीपर्यंत उचलले जातात. भुलीच्या दाव्याचे उत्तर यातच आहे. अवयव काढताना आम्ही स्नायू सैल करणारे औषध देतो ते या मज्जारज्जूच्या हालचाली थांबाव्यात म्हणून. छेद घेतल्यावर मज्जारज्जू आणि अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींच्या प्रतिक्रियेमुळे रक्तदाब अचानक उसळतो, त्याने अवयवांना इजा होऊ नये म्हणून काही वेळा भुलीचा वायूही वापरतो. वेदना जाणवण्यासाठी लागणारा मेंदूच तिथे कार्यरत नसतो. जिवंत रुग्णाची शस्त्रक्रिया आणि हे अवयव काढणे, ही दोन्ही दृश्ये बाहेरून पाहणाऱ्याला सारखी दिसतात हे मान्य आहे, आणि आमच्या क्षेत्रातील मंडळींनी ही गोष्ट लोकांना वेळीच समजावून सांगितली नाही, हा आमचा दोष आहे.

टीकाकारांकडे याहून भक्कम एक युक्तिवाद आहे, जो या मजकुराच्या लेखकाला सापडलेला दिसत नाही. काही मेंदूमृत व्यक्तींमध्ये हायपोथॅलॅमस या मेंदूतील भागाचे संप्रेरकांशी (हार्मोन्सशी) निगडित काम काही अंशी टिकून राहते. अमेरिकेचा कायदा ‘संपूर्ण मेंदू’ म्हणतो, त्यामुळे तिथे हा वाद तीव्र आहे. २०२३ च्या तेथील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनी असे काम टिकून असतानाही मृत्यू घोषित करण्यास मुभा दिली आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. भारताने ब्रिटनप्रमाणे मेंदूस्तंभ हाच निकष मानला आहे. श्वास घेण्याची आणि शुद्धीवर येण्याची क्षमता कायमची गेली की मृत्यू, ही भूमिका ज्यांना तत्त्वतः मान्य नाही त्यांच्याशी वाद होऊ शकतो. मात्र तो मृत्यूच्या व्याख्येचा वाद आहे. ‘असे लोक उठून बसतात’ हा दावा त्यातून सिद्ध होत नाही.

मग अमेरिकेच्या ‘कबुली’चे काय? मजकुरातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे आणि त्याची गंभीर दखल घ्यायला हवी. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने केंटकी व आसपासच्या भागातील अवयव गोळा करणाऱ्या एका संस्थेच्या ३५१ प्रकरणांची तपासणी जाहीर केली. अवयवदानाची परवानगी मिळूनही जिथे प्रत्यक्ष दान झाले नाही, अशीच ही प्रकरणे होती. त्यांपैकी १०३ प्रकरणांत चिंताजनक बाबी आढळल्या. ७३ रुग्णांमध्ये दानाशी विसंगत अशी मेंदूच्या कार्याची लक्षणे होती. आणि किमान २८ रुग्ण प्रक्रिया सुरू झाली तेव्हा मृत नसावेत, असे खात्याने म्हटले. हे भयंकर आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचे काही कारण नाही. तथापि हा वाद पेटला तो दुसऱ्या मार्गावरून. त्या मार्गात रुग्ण मेंदूमृत घोषित झालेला नसतो. तो बरा होणार नाही असे मानून कुटुंबाच्या संमतीने यंत्र काढले जाते, हृदय थांबण्याची वाट पाहिली जाते आणि ते थांबल्यावर काही मिनिटांनी मृत्यू घोषित होतो. धोका असतो तो ‘बरा होणार नाही’ या अंदाजात आणि तो बांधताना होणाऱ्या घाईत. भारतात हा मार्ग जवळपास वापरातच नाही. चंडीगडच्या पीजीआयसारख्या मोजक्या ठिकाणी तसे प्रयत्न झाले आहेत. नागपुरात रामदासपेठेतून किंवा वर्धा रोडवरून विमानतळाकडे ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेण्यासाठी मोकळा केलेला रस्ता) निघतो तेव्हा त्यामागे जवळपास नेहमीच दोनदा तपासलेला मेंदूस्तंभ-मृत्यू असतो. केंटकीचे आकडे घेऊन नागपूरच्या आयसीयूवर आरोप करायचा, तर आधी हा फरक सांगावा लागेल.

पैसा आणि घाई यांविषयी. अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे. अवयव कोणाला द्यायचा हे रुग्णालय मनाने ठरवत नाही. नागपूरची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीनुसार ते ठरवते. मृत्यू घोषित झाल्यानंतर शरीर सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही, असे २०१४ च्या नियमांत स्पष्ट आहे. देशात किडनीचे काळे व्यवहार झालेच नाहीत असे नाही. २००८ चे गुडगाव प्रकरण सर्वांना आठवत असेल. पण ते व्यवहार जिवंत गरिबांच्या किडन्यांचे होते. मृत्यूनंतरचे दान जितके वाढेल तितकी त्या बाजाराची जमीन कमी होते, हे मजकूर लिहिणाऱ्याने लक्षातच घेतलेले नाही.

तरीही लोकांच्या मनात संशय का रुजतो, याचे एक खरे कारण आपल्या कायद्यातच आहे. मेंदूस्तंभ-मृत्यूची व्याख्या भारतात प्रत्यारोपणाच्या कायद्यापुरती आहे. कुटुंबाने दानाला नकार दिला, तर त्याच व्यक्तीचे व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात आणि उपचार व बिल दोन्ही चालू राहते. साहजिकच ‘ब्रेन डेड’ हा शब्द सामान्य कुटुंबाच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो अवयव मागायला आलेल्या समन्वयकाच्या तोंडून. केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यूची घोषणा अवयवदानापासून वेगळी करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. महाराष्ट्रानेही तसे करावे असे माझे स्पष्ट मत आहे. दान असो वा नसो, मृत्यू तो मृत्यूच.

जिवंत दात्याच्या बाबतीत मजकूर अतिशयोक्ती करतो, पण शून्य धोका आहे असे सांगणारी आमची पत्रकेही तेवढीच बेजबाबदार आहेत. अमेरिकेतील १ लाख ६४ हजारांहून अधिक दात्यांच्या तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१३ ते २०२२ या दशकात शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांत दात्याचा मृत्यू होण्याचे प्रमाण दर १० हजारांत एकाहून कमी होते. पुढे दात्याची उरलेली किडनी निकामी होण्याची आयुष्यभराची शक्यता १० हजारांत सुमारे ९० आहे, असे २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. तेवढ्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत ती १४ होती, तर सर्वसाधारण लोकसंख्येत ३२६. म्हणजे धोका वाढतो, पण अधूपणा येत नाही. तरुण स्त्री दात्यांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे : २०१५ च्या कॅनडातील अभ्यासात किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचे किंवा प्रीएक्लॅम्प्सियाचे (गरोदरपणातील रक्तदाबाच्या गंभीर विकाराचे) प्रमाण ११ टक्के आढळले, न दिलेल्यांत ५ टक्के. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका-आया जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे पाहता ही माहिती लपवणे म्हणजे त्यांची फसवणूक आहे.

राहता राहिली डुकराची किडनी. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकांत बदल केलेल्या डुकराची किडनी जिवंत रुग्णाला पहिल्यांदा बसवली गेली. त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केलेले होते : माणसाचे शरीर जिच्यावर तुटून पडते ती शर्करा तयार करणारी तीन जनुके काढली होती, माणसाची सात घातली होती आणि डुकराच्या जनुकसंचात दडलेल्या विषाणूंच्या ५९ प्रती निकामी केल्या होत्या. किडनी चालली, पण रुग्ण ५२ व्या दिवशी हृदयविकाराने गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसवलेली किडनी १३० दिवसांनी काढावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये बोस्टनमध्येच बसवलेली दुसरी किडनी २७१ दिवस टिकली. माणसाची किडनी साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रीतसर चाचण्यांना परवानगी दिली, त्यातली एक सुरुवातीला केवळ सहा रुग्णांपुरती आहे. ही प्रगती विलक्षण आहे, यात शंका नाही. पण नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आज डायलिसिसवर असलेल्या माणसाला ‘डुकराची किडनी येतेच आहे’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. २०२३ मध्ये देशभरात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली आणि मृत्यूनंतर अवयव देणारे होते अवघे १,०९९. बाकीचा भार जिवंत नातेवाइकांनीच उचलला. गरज उरली नाही, तर ही मंडळी आपले शरीर का उघडून देत आहेत?

अर्ज रद्द करण्याच्या आवाहनाबद्दल एवढेच. आपण भरलेला अर्ज ही इच्छेची नोंद असते. प्रत्यक्षात वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकांना विचारले जाते आणि त्यांनी नाही म्हटले तर दान होत नाही. ज्याला द्यायचे नाही त्याने घरात तसे सांगून ठेवले की पुरे. ज्याला द्यायचे आहे त्यानेही घरात सांगितलेच पाहिजे, कारण आयसीयूच्या दाराबाहेर समन्वयक ज्यांच्याशी बोलतो ती घरचीच माणसे असतात.