थंडीत पागा बंद का करू नये : निफाडच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

पागेच्या बांधकामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक नाही. आढ्याला फट आणि वळचणीखाली दोन फूट उघडं ठेवलं तर घोडी एका हिवाळ्यात जाईल. वडिलांच्या पागेला एकच दार होतं, कडबा वर माळ्यावर, खाली छान ऊब. बारा बाय बाराची खोली अन् मुरमाची जमीन हे पैसेवाल्यांचे चोचले." मराठ्यांच्या पागांचा दाखलाही दिलात, आणि जमिनीला धुवायला सोपी शहाबादी फरशीच बरी असंही म्हणालात. घोडीच्या काळजीपोटी लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी थंडी. शिंगरं, म्हातारी आणि आजारी जनावरं सोडली तर धडधाकट घोड्यासाठी ५ अंशांपर्यंत वेगळं काही करावं लागत नाही. त्याची शेगडी पोटात असते. गवत, कडबा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून ऊब तयार होते. निफाडचा पारा त्याहून खाली जाईल त्या रात्री चंदी (दाणा) वाढवू नका, गवत वाढवा. घोडी थकलेली असेल तर झूल घाला. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार तुम्ही पाहिला असेलच. ऐन थंडीत तापीकाठी घोडे रात्र रात्र उघड्यावर बांधलेले असतात.

घोड्याला सोसत नाही ती कोंडलेली हवा. त्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, सगळी भिस्त नाकपुड्यांवर. मुतानं भिजलेल्या पेंढ्यातून अमोनिया सुटतो, आणि घोड्याचं नाक दिवसाचा बराच वेळ त्या पेंढ्याजवळच असतं. वर कडब्याची धूळ.

हे मी स्वतःच्या घोडीवर शिकलोय. पहिल्या हिवाळ्यात मीही वळचणीला गोणपाटं ठोकून दार लावून घ्यायचो. पहाटे दार उघडलं की पत्र्याच्या आतून थेंब टपकत असायचे, घोडीच्या पाठीवर ओले ठिपके दिसायचे. मला वाटायचं दव असेल. ते तिच्याच श्वासाचं पाणी होतं. जानेवारीत खोकला लागला. आधी चंदी खाताना दोन-तीनदा ठसकायची, मग चार पावलं दुडकी चालली तरी. औषधं झाली, गुण येईना. शेवटी एका डॉक्टरांनी मला तिच्या ठाणावर गुडघे टेकून बसायला लावलं, नाक गव्हाणीच्याही खाली. मिनिटभरात माझे डोळे पाझरायला लागले. उभं राहिलो तर वास जवळजवळ नाहीच. वर तो विरळ असतो, आणि रोज ये-जा करणाऱ्या नाकाला तेवढा सवयीचा होतो. त्याच दिवशी गोणपाटं उपटली. खोकला उतरायला महिना लागला, पूर्ण जायला उन्हाळा उजाडला. तिचे ते महिने माझ्यामुळे गेले, याचं आजही वाईट वाटतं.

एका बाबतीत तुमचं खरं आहे. अंगावर सरळ येणारा वारा वाईटच, आणि लेखात मी ते नीट लिहिलं नव्हतं. भिंत सात फुटांपर्यंत सलग घ्या. उघडं ठेवायचं ते त्याच्या वर, दोन्ही बाजूंना. मग गार हवा घोडीच्या डोक्यावरून आत येते आणि दमट, गरम हवा आढ्याच्या फटीतून निघून जाते. फटीवर पत्र्याची टोपी हवी. पश्चिमेचं पाखं दोन-तीन फूट जास्त पुढे काढा, आपल्याकडे पाऊस तिकडूनच झोडपतो.

माळ्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो, तो करू नका. धूळ खाली पडते हे एक, आणि आग लागली तर पेटता कडबा थेट जनावरांवर कोसळतो. तुम्ही मराठ्यांच्या पागांचा दाखला दिलात, तर चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आठवा. रात्री दिवा ठेवू नका, उंदीर वात नेईल, गवताला आग लागेल, गवत गेलं की घोडी जगणार नाहीत, अशी ताकीद त्यात आहे. आज दिव्याच्या जागी वायरी आल्या, आणि उंदीर त्याही कुरतडतात. कडब्याची गंज पागेपासून लांब, वेगळ्या शेडमध्ये रचा. पागेतल्या वायरी पाइपातून घ्या आणि घोडी मान लांबवूनही पोचणार नाही इतक्या उंच ठेवा.

खोलीचं म्हणाल तर खांद्याशी ५२ इंच उंच तट्टाला दहा फूट बाय दहा फूट पुरते. तुमची घोडी ६२ इंची आहे, तिला बारा बाय बाराच हवी. अरुंद जागेत लोळली आणि पाय भिंतीला अडकले तर एवढं धूड एकट्यानं उठू शकत नाही. सकाळपर्यंत धडपडून पाय मोडून घेतलेलं जनावर ज्यानं पाहिलंय तो त्या दोन फुटांचा हिशोब करत नाही.

शहाबादी धुवायला सोपी, हेही कबूल. पण ओल्या फरशीवर नाल घसरते. मुरमाला मेहनत आहे. भिजलेला थर वर्षातून एकदा खणून नवा भरावा लागतो, धुम्मसानं ठोकून घट्ट करावा लागतो. पैसे वाचवायचेत तर शहाबादीचेच वाचवा. फक्त दाराबाहेर, जिथे घोडी धुता, तिथे खाचा पाडलेला खरबरीत कोबा करा.

पुढच्या आठवड्यात भिंती वर येतील असं तुम्ही लिहिलंय. सात फुटांवर गवंड्याला थांबवा आणि मला फोटो पाठवा. पत्रा चढायच्या आत मी स्वतः येऊन बघून जाईन.