ग्विनेदची भाऊबंदकी: लिवेलिनवरच्या लेखावरील आक्षेपाला उत्तर

तुमचे आक्षेप तीन. तेराव्या शतकात वायव्य वेल्समधल्या ग्विनेद राज्यावर राज्य केलेला लिवेलिन आप ग्रिफिद (म्हणजे ग्रिफिदचा मुलगा) याच्यावरच्या लेखात मी वारसा कायद्यावर नको तेवढा भर दिला, खरं कारण सत्तेची हाव होती. थोरल्या भावाला, ओवाइनला, बावीस वर्षं कोंडून ठेवणाऱ्याची मी बाजू घेतली. आणि त्याच्या इतर दोन भावांपैकी दाविद निव्वळ फितूर होता, रोद्री भेकड. हाव होतीच. पण हाव कुठल्या राजघराण्यात नसते? ग्विनेदमध्ये ती दर पिढीला इंग्रज राजाच्याच दारात का जाऊन उभी राहिली, हे हावेने कळत नाही.

वेल्श कायद्यात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जाई. वाटे धाकट्याने पाडायचे आणि थोरल्यापासून क्रमाने एकेकाने उचलायचे. त्यामुळे धाकटा वाटे नीट पाडे, कारण उरलेला त्याच्याच पदरात पडणार. बापाने पत्करलेला लग्नाबाहेरचा मुलगाही वाटेकरी. राज्याची गोष्ट निराळी. तिथे राजाने हयातीतच एक वारस नेमायचा, त्याला एडलिंग म्हणत. बाकीच्यांनी जमिनीवर समाधान मानायचं. नेमणूक न करताच राजा गेला तर काय, याचं ठाम उत्तर कायद्यात नव्हतं.

आपल्या लिवेलिनचा आजोबा, थोरला लिवेलिन, याला हे पुरतं ठाऊक होतं. इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी जोन ही त्याची राणी. तिचा मुलगा दाविद (हा आपल्या लिवेलिनचा काका; लिवेलिनच्या भावाचंही नाव दाविदच, म्हणून याला पुढे 'काका'च म्हणतो) वारस व्हावा म्हणून त्याने 1220 मध्ये इंग्लंडचा राजा हेन्री तिसरा याची आणि 1222 मध्ये पोपची मान्यता मिळवली, मग सरदारांकडून शपथाही घेववल्या. कागद चोख होते. पण तांगविस्टल या दुसऱ्या बाईपासून झालेला थोरला मुलगा ग्रिफिद, म्हणजे आपल्या लिवेलिनचा बाप, जिवंत होता आणि वेल्श रिवाजाने वाटेकरीही होता. काकाने त्याला क्रिकिएथच्या किल्ल्यात कोंडलं. तेव्हा ग्रिफिदची बायको सेनाना हिने ऑगस्ट 1241 मध्ये श्रूझबरीला हेन्रीशी करार केला: नवऱ्याची आणि त्याच्यासोबत कैदेत असलेल्या मुलाची सुटका करावी, वाट्याचा न्याय करावा, बदल्यात 600 मार्क (तेव्हाचं इंग्रजी हिशेबाचं नाणं). हेन्रीने काकाला नमवलं, ग्रिफिदला ताब्यात घेतलं आणि सोडण्याऐवजी लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत नेऊन ठेवलं. असा वाटेकरी हाताशी असला की काकाला केव्हाही धाक घालता येतो. 1 मार्च 1244 ला ग्रिफिद चादरींना गाठी मारून केलेल्या दोरावरून उतरत होता. अंगाने भारी माणूस, दोर तुटला आणि तो खाली पडून मेला.

1246 मध्ये काका निपुत्रिक वारला. आता हक्क कोणाचा? ग्रिफिद कधी गादीवर बसलाच नव्हता, मग त्याने एडलिंग नेमण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रिफिदचे मुलगे ओवाइन आणि लिवेलिन यांनी राज्य निम्मं निम्मं घेतलं. 1247 च्या वुडस्टॉक तहात हेन्रीने ते मान्य केलं आणि कॉन्वी नदीच्या पूर्वेचे चार परगणे स्वतःकडे ठेवले. उरलेल्याची दोन शकलं. त्यात त्यांचा धाकटा भाऊ दाविद वयात आला आणि तिसरा हिस्सा मागू लागला. एवढ्याशा तुकड्यावर दरबार आणि शिबंदी पोसून इंग्रजांसमोर उभं राहणं अशक्य होतं. जून 1255 मध्ये ब्रिन डेर्विनला लिवेलिनने दोघा भावांना एकाच लढाईत हरवलं.

ओवाइनच्या कैदेला कायद्याचा कसलाही आधार नव्हता, इथे तुम्ही बरोबर आहात. हिवेल वोएल या कवीने तेव्हाच त्याच्या कैदेवर शोकगीत रचलं होतं. पण दाविदचं बघा. त्याला लिवेलिनने वर्षभरात सोडलं, आणि 1263 मध्ये तो हेन्रीकडे गेला. मोकळा भाऊ म्हणजे इंग्रजांच्या हातातला दावा, हे लिवेलिनला बापाच्या उदाहरणावरून कळलं होतं. अन्याय तो अन्यायच, पण अविचार नव्हे.

आता तह वाचा. 1267 च्या माँटगोमेरी तहात लिवेलिनला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून मान्यता मिळाली, 25,000 मार्क देण्याच्या बोलीवर. त्यातच दाविदला जमीन परत देण्याचं कलम आहे. 1277 च्या अबरकॉन्वी तहात ओवाइनची सुटका आणि दाविदची सोय ही दोन्ही कलमं. इंग्रज बाजू वाटणीचा मुद्दा कधीच सुटू देत नाही.

दाविदने फेब्रुवारी 1274 मध्ये पोविस या शेजारच्या वेल्श राज्याच्या ग्रिफिद आप ग्वेनविनविनशी मिळून भावाच्या खुनाचा कट केला, तो हिमवादळाने फसला. याला फितुरीच म्हणायचं. पण मग 1282 चं काय? 1277 च्या युद्धात हेन्रीनंतरचा इंग्रज राजा एडवर्ड याने त्याला ग्विनेदमध्ये वाटा देण्याची तयारी दाखवली होती, तहात मात्र पूर्वेकडच्या दोन परगण्यांवर बोळवण केली. तिथे चेस्टर या इंग्रज शहरातल्या अंमलदारांचा जाच सुरू झाला. 1282 च्या पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या रात्री इंग्रजांच्या हावर्डन किल्ल्यावर चालून गेला तो हाच दाविद. 11 डिसेंबरला लिवेलिन बिल्थजवळ मारला गेल्यावर लढा त्यानेच चालू ठेवला आणि 3 ऑक्टोबर 1283 ला श्रूझबरीत हाल हाल होऊन मेला. 'निव्वळ फितूर' या शब्दांत हे बसत नाही.

आणखी एक भाऊ रोद्री, त्याने 1272 मध्ये 1,000 मार्कांच्या बोलीवर हक्क सोडला आणि तो इंग्लंडमध्ये राहिला. दाविदचे मुलगे मात्र ब्रिस्टलच्या कैदेत राहिले, आणि 1305 मध्ये त्यांतल्या ओवाइनला रात्री लोखंडी पट्ट्यांच्या लाकडी पिंजऱ्यात ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढे फ्रान्सच्या मदतीने वेल्सच्या गादीवर हक्क सांगणारा ओवाइन लाव्गोच हा त्याच रोद्रीचा नातू. 1378 मध्ये इंग्रजांनी मारेकरी घालून त्याचा खून करवला.